तिसऱ्या रात्री राखणदारानं रोट घ्यावा का?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गोव्यातल्या फोंड्याचे तुम्ही दोघे मित्र फोनवर वाचत खेळायचा एक मराठी कथाखेळ करताय. लिहिताय इंकमध्ये, म्हणजे पर्यायांच्या कथा लिहायच्या संगणकभाषेत. गाव खाजन शेतीचं, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतांचं. नायक बऱ्याच वर्षांनी आखातातून परतलाय आणि वडिलांच्या मागं बांध आणि मानस (बांधातलं पाण्याचं दार) सांभाळायचं काम त्याच्या गळ्यात आलंय. चाचणीला बसवलेल्या मुलांनी तीन पळवाटा शोधल्या. रात्री राखणदाराच्या, म्हणजे गावाची हद्द राखणाऱ्या देवचाराच्या, दगडाशी रोट (जाड भाकरी) ठेवला की ‘कृपा’ पाचानं वाढते, म्हणून त्यांनी पहिल्या पंधरा रात्री दुसरं काही केलंच नाही. शेजारच्या काकीला ‘गुडघा कसा आहे?’ विचारलं की ‘विश्वास’ एकानं वाढतो, म्हणून एकाच संध्याकाळी वीसदा तोच प्रश्न. आणि बांध फुटला की लगेच मागचा सेव्ह उघडायचा. तुम्ही विचारता, दंड लावू, मर्यादा घालू, की असं खेळणं बरोबर नाही असा संदेश दाखवू?

संदेश तर मुळीच नको. दंड आणि मर्यादेचं नंतर बघू.

त्या मुलांनी तुमचा खेळ नीट वाचलाय. पडद्यावर ‘कृपा’ नावाचा आकडा तुम्ही ठेवलात, तो वाढवायला बिनखर्चाचा रस्ता दिलात, आणि पुढे कठीण प्रसंग येणार हे पहिल्याच पानावर सांगितलंत. एवढं समजल्यावर कुणीही शहाणा माणूस रोट भाजत बसेल. बांधाला कुर्लीनं बीळ पाडलं की पाणी तिथूनच शिरतं. गावातला जाणता माणूस तेव्हा पाण्यावर रागावत नाही, बीळ बुजवतो, आणि बुजवून झाल्यावर शेजारचा हातभर बांधही पायानं दाबून बघतो. तुम्हाला ही दोन्ही कामं करायची आहेत.

पण बुजवण्याआधी खेळाडू तेच तेच का करतोय हे त्याला विचारा. हे मी फार उशिरा शिकले. सोळा वर्षांपूर्वी मी म्हापशात घरीच, चार-पाच जणांना घेऊन, फाशांवरचे कथाखेळ चालवायला लागले. पहिल्याच बैठकीत एका खेळाडूचं पात्र मी दारामागच्या सापळ्यात मारलं. आधी कसलीही खूण दिली नव्हती. धक्का बसेल, रंग चढेल असं मला वाटलं होतं. त्यानंतर कित्येक महिने तो प्रत्येक दाराशी थांबायचा. कान लावतो, फटीतून बघतो, काठीनं ढकलतो, पुन्हा कान लावतो. बाकीचे तोवर कंटाळून अंगणात जायचे. मी वैतागून वेळेची मर्यादा घातली, तर त्या मर्यादेत बसवून त्यानं तेच केलं. शेवटी मी सरळ विचारलं. तो म्हणाला, “कुठलं दार मारणार ते तुम्ही सांगत नाही ना.” चूक माझी होती. त्या आठवड्यापासून मी प्रत्येक धोक्याच्या आधी एक तरी खूण ठेवू लागले, उंबऱ्यावरची ताजी माती, बंद खोलीतून येणारा गार वारा, असं काहीतरी. दोन बैठकांत दारांचं प्रकरण मिटलं, मर्यादा उठवूनसुद्धा.

म्हणजे काही पुनरावृत्ती भीतीतून येते. तुमच्या मुलांनी पंधरा रात्री रोट ठेवले, त्यात हावेइतकीच भीतीही असणार असा माझा अंदाज आहे. पुढचा प्रसंग किती कठीण आहे, कितीची कृपा पुरेल, हे त्यांना कळायला मार्गच नाही. मग माणूस जमेल तेवढं साठवतो. पावसाळ्याआधी घरोघरी पुरुमेंत, म्हणजे चार महिन्यांची बेगमी, भरतात ते काही लोभ म्हणून नव्हे.

फाशांवरच्या खेळांनी या दुखण्यावर खूप आधी विचार केलेला आहे. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवरच्या कथाखेळाच्या २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत एक साधा नियम आला. घाई नसेल आणि चुकल्यामुळे काही बिघडणार नसेल, तर वीसदा फासा टाकायला लागला असता तेवढा वेळ गेला असं धरायचं, आणि वीस पडले असं मानून पुढं जायचं. कुलूप उघडायला पन्नासदा फासा टाकत बसण्याचा सगळा कंटाळा एका वाक्यात संपला. बर्निंग व्हील नावाच्या खेळानं दुसरं टोक पकडलं. तिथं एकदा फासा पडला की परिस्थिती खरोखर बदलेपर्यंत तोच निकाल कायम. पुन्हा विचारायचं नाही. दोन्ही नियम वरवर उलटे दिसतात, पण त्यांच्या तळाशी एकच जाण आहे. आजूबाजूचं काहीच बदललं नसेल, तर दुसरा प्रयत्न ही नवी घटना नसते. ती एक तर एकदाच मोजा, नाहीतर आजूबाजूचं काहीतरी बदला.

कथाखेळात मी नेहमी दुसरा रस्ता घेते. तुमच्या तिन्ही पळवाटांचं मूळ एकच आहे: दुसऱ्या वेळची कृती पहिल्या वेळेइतकीच कोरी राहते. गावानं पहिला रोट पाहिलेला नाही, राखणदाराला तो आठवत नाही, काकीला आधीचे एकोणीस प्रश्न ऐकू आलेले नाहीत. कथेला स्मरण नसलं की खेळाडू यंत्रासारखा वागतो, कारण समोर यंत्रच असतं.

राखणदारापासून सुरुवात करू, कारण तुमच्या हातातला सगळ्यात मोलाचा ऐवज तोच आहे आणि तो तुम्ही पाच गुणांच्या नाण्यासारखा खर्च करताय. आपल्या गावांतल्या गोष्टी आठवा. देवचार रात्री काठी टेकत, कांबळं पांघरून हद्दीवरून फिरतो. कुणाला रोट लागतो, कुणाला विडी, कुणाला सोरो, म्हणजे दारू. त्याच्याशी माणसाचं नातं शब्दाचं असतं. आंगवण, म्हणजे नवस, करायची, काम झालं की ती फेडायची, आणि फेडली नाही तर काय झालं याच्या गोष्टी प्रत्येक वाड्यावर ऐकायला मिळतात. रोज रोट देऊन त्याची मर्जी साठवून ठेवली, अशी गोष्ट मी तरी कुठल्या आजीच्या तोंडून ऐकलेली नाही.

तेव्हा ‘कृपा’ हा आकडा काढून टाका. नुसता लपवू नका, काढाच. लपवलेला आकडा दोन दिवसांत कुणीतरी शोधून काढतं आणि मित्रांना सांगतं. त्याच्या जागी आंगवण ठेवा. दगडाशी उभं राहून नायक शब्द देईल: या उधाणाला पूर्वेचा बांध राहिला, तर अमुक करीन. राखणदार मदत करील, एकदा. आता नायकावर देणं आहे. ते फेडण्याआधी त्यानं दुसरा शब्द दिला तर देऊ द्या, अडवू नका. तिसरा दिला तरी द्या. साठवायची खोड असलेला खेळाडू इथंही साठवेल, पण आता तो साठवतोय ते ऋण. पाच आंगवणी डोक्यावर असलेला नायक आणि एकही नसलेला नायक हे तुमच्या कथेतले दोन वेगळे लोक होतील. पळवाट तुम्ही बंद केली नाहीत, तिच्यातून कथेची एक शाखा निघाली.

आणि रोट? तो राहू द्या, गुणांशिवाय. पहिल्या रात्री तो ठेवला की सकाळी पान रिकामं असेल आणि ओल्या मातीत काठीच्या टोकाचे ठसे मानशीकडे गेलेले दिसतील. दुसऱ्या रात्री ठेवला तर पान रिकामं, आणि ठसे मानशीपर्यंत जाऊन परत आलेले, नायकाच्या घराच्या पायरीपर्यंत. तिसऱ्या रात्री रोट तसाच पडलेला, मुंग्या लागलेला, आणि शेजारी विझलेली विडी. इथं खेळाडू थांबेल. मी असे प्रसंग पुष्कळदा तपासले आहेत. न घेतलेली भेट माणसाला जेवढी विचारात पाडते, तेवढं कोणतंही ‘आज तुम्ही आणखी रोट देऊ शकत नाही’ पाडत नाही. त्याला कळतं की इथं कुणीतरी आहे आणि त्याला दुसरं काही हवंय. चौथ्या रात्रीसाठी काही लिहायची गरज सहसा पडत नाही, तरी लिहून ठेवा.

इंकमध्ये याला फार खटपट लागत नाही. प्रत्येक भागात खेळाडू किती वेळा आला याची मोजणी इंक आपोआप ठेवतं, वेगळा आकडा बाळगावा लागत नाही. एकापाठोपाठ येणारे मजकूर उभ्या रेघांनी वेगळे करून महिरपी कंसात लिहिले की दर भेटीला पुढचा मजकूर येतो आणि शेवटचा आला की तोच राहतो. त्या शेवटच्या मजकुराकडे नवे लेखक लक्ष देत नाहीत. खेळाडूला तो कदाचित दहादा दिसणार आहे, म्हणून इथं आता नवीन काही नाही हे त्यानं स्वच्छ सांगितलं पाहिजे. गूढ, सूचक वाक्य शेवटी ठेवलंत तर खेळाडू त्याच्यामागं काहीतरी आहे समजून टकटक करत राहील, आणि ती पळवाट तुम्हीच तयार केलेली असेल.

काकीचं दुखणं त्याहून सोपं आहे. तुम्ही पाठवलेल्या तुकड्यात तिचा प्रश्न अधिकचिन्हानं लिहिलाय. इंकमध्ये तारांकित पर्याय एकदा निवडला की नाहीसा होतो, आणि अधिकचिन्हाचा पर्याय कायम राहतो. मूळ रीत ताराची आहे, आणि ती विचारपूर्वक ठेवलेली आहे, कारण संभाषणात बोललेलं वाक्य बोलून झालेलं असतं. अधिकचिन्ह दार, वाट, ‘निघतो आता’ अशा गोष्टींसाठी राखून ठेवा. तुमचे सगळे संवाद एकदा या नजरेनं चाळा, अर्धं काम तिथंच होईल.

पण नुसता पर्याय गायब करण्यात एक संधी वाया जाते. माझे वडील जत्रेतल्या संगीत नाटकांना पेटीची साथ करायचे. पदाला वन्स मोअर मिळाला की नट पद पुन्हा घ्यायचा, पण तसंच्या तसं कधीच नाही. दुसऱ्या वेळी एखादी जागा वेगळी, लय किंचित वर. तिसऱ्यांदा मागणी आली तर नुसतं ध्रुवपद, आणि तबल्याला डोळ्यानं खूण, की समेवर आलो की पुढचा प्रवेश. प्रेक्षक नाराज होत नसत. त्यांची मागणी ऐकली गेली होती आणि नाटकही पुढं सरकलं होतं. काकीला तसं लिहा. पहिल्यांदा विचारलं, ती म्हणते, पाऊस यायच्या आधी ठणकतो, म्हणजे परवा येईल बघ. दुसऱ्यांदा विचारलं, ती तांदूळ निवडता निवडता हात थांबवते आणि म्हणते, “तुझा बापूस पण असंच विचारायचा, काही मागायचं असलं की.” इथं खेळाडू पकडला जातो, आणि त्याला लाज वाटण्याऐवजी गंमत वाटते, कारण गावानं त्याला ओळखलं. तिसऱ्यांदा ती फक्त सूप उचलून आत जाते.

काकी चिडली म्हणून विश्वास उणे करायचा मोह होईल. नका करू. चिडणं हे माणूसपण आहे, त्याला गुणांची शिक्षा जोडली की खेळाडू पुन्हा हिशेबाकडे वळतो आणि पुढच्या वेळी नेमकं किती विचारलं तर चालतं ते मोजतो.

घटत्या मोबदल्याबद्दलही तेच. पहिल्या प्रश्नाला तीन, मग दोन, मग एक, असं तुम्ही सुचवलंय. टोनी हॉकच्या १९९९ सालच्या स्केटिंगच्या खेळात तीच करामत पुन्हा केली की गुण कमी व्हायचे, आणि तिथं ते शोभलं, कारण स्केटरकडून वैविध्याचीच अपेक्षा असते. कथेत मात्र खेळाडू शून्यापर्यंत दाबत राहतो, कारण एक म्हणजे शून्यापेक्षा जास्त. स्कायरिम या संगणकखेळात, २०११ साली, लोक शेकडो लोखंडी खंजीर घडवून लोहारकी वाढवत होते. पुढच्या एका सुधारणेत वस्तूच्या किमतीनुसार कौशल्य वाढेल असं करण्यात आलं, तर लोक सोन्याचे दागिने घडवायला लागले. भाव बदलला, दुकान तेच राहिलं.

मर्यादा सगळ्याच वाईट असतात असं नाही. स्टारड्यू व्हॅली या २०१६ साली आलेल्या शेतीच्या खेळात गावातल्या एका माणसाला आठवड्यात सहसा दोनच भेटवस्तू देता येतात. त्यावर कुणी फारसं कुरकुरत नाही. दोन चौकोन पडद्यावर उघड दिसतात, आठवडा संपला की रिकामे होतात, आणि शेजाऱ्याला रोज भेटवस्तू देणं तसंही विचित्रच. मर्यादा उघड असावी आणि त्या जगाच्या रीतीतली असावी, एवढं साधलं की ती टोचत नाही.

तुमच्या जगात तर अशी मर्यादा निसर्गानंच आणून दिलीय आणि तुम्ही ती वापरलेली नाही. ती म्हणजे भरती-ओहोटी. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते तुमच्या खेळाचा कणा हा असायला हवा.

खाजन न पाहिलेल्यांसाठी सांगते. खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून शेत वाचवायला चिखल, पेंढा, बांबू घालून बांध घातलेला असतो आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा झडपा मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ढकलतं तेव्हा उघडतात. ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी जाळं लावून मासळी धरतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सगळ्यात जास्त चढतं, तेव्हा मासळीही भरपूर आणि बांधाला धोकाही सगळ्यात मोठा.

आता बघा. दोन भरत्यांमधलं अंतर साधारण १२ तास २५ मिनिटं. म्हणजे रात्रीची ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढं सरकते. राखणदाराला रोट ठेवायची वेळ मध्यरात्रीची, ती हलत नाही. मग काही रात्री नायक मानशीवर काम करून आरामात दगडाशी पोचेल, काही रात्री ओहोटी नेमकी मध्यरात्री येईल आणि त्याला एकच ठिकाण निवडावं लागेल. तुम्हाला एकही नियम सांगावा लागणार नाही. पंचांग आणि भरतीचं कोष्टक घरात भिंतीवर टांगलेलं दाखवा, खेळाडू स्वतः वाचेल. पंधरा रात्री रोट ठेवणारा आता बघेल की त्यातल्या चार-पाच रात्री जाळं लागलेलं नाही, घरात पैसा नाही, आणि मानशीवर मासळी धरायच्या हक्काच्या लिलावाचे पैसे भरायची वेळ आलीय. तरीही त्यानं रोटच ठेवला, तर मग तो खरा भक्त आहे आणि त्याची कथा त्याला मिळायला हवी.

एखादी गोष्ट फुकट असली की माणूस ती अगणित वेळा करतो. तिच्या बदल्यात दुसरं काहीतरी सोडावं लागलं की तो विचार करतो, आणि विचार करणं हेच कथाखेळातलं खेळणं. फार जुनी युक्ती आहे ही. १९८० सालच्या ‘रोग’ (Rogue) नावाच्या संगणकखेळात भूक होती: एकाच मजल्यावर रेंगाळलात तर अन्न संपणार, म्हणून खाली उतरावंच लागायचं. अगदी जुन्या डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये मशाल तासाभरात विझायची.

मात्र हे काळाचं बंधन कसं दाखवता याला फार महत्त्व आहे. एक्सकॉम या सैनिकी डावपेचांच्या संगणकखेळाच्या कर्त्यांनी एकाच दुखण्यावर दोन औषधं देऊन पाहिली. खेळाडू इंच-इंच सरकत, पहारा लावत, कंटाळवाणं पण सुरक्षित खेळायचे. २०१३ सालच्या विस्तारात नकाशावर मौल्यवान डबे ठेवले गेले, जे काही खेळ्यांनंतर निकामी व्हायचे. हवे तर धावत जा, नको तर सोडा. २०१६ सालच्या दुसऱ्या भागात बऱ्याच मोहिमांना सरळ उलटी मोजणी लावली, आणि पुष्कळ खेळाडूंना ती इतकी टोचली की ती काढून टाकणारे बदल लोकांनी स्वतः करून वाटले. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळाच्या चाचणीच्या काळातली गोष्टही या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. फार वेळ खेळलं की अनुभवगुण कमी मिळायचे, लोक संतापले. मग तोच हिशेब उलटा मांडला: विश्रांती घेऊन आलात तर दुप्पट, नंतर नेहमीचे. तक्रार थांबली. तुमच्या खेळात म्हणूनच पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ नको. खाडीचा वास, मानशीच्या झडपांचा आवाज, काकीचं ‘आज ओहोटी उशिरा रे’ पुरे आहे.

आता बांध फुटल्यावर मागचा सेव्ह उघडणाऱ्यांकडे.

सेव्ह काढून टाकू नका. फोनवर खेळणारा माणूस चोडणच्या फेरीबोटीत खेळतो, उतरायचा धक्का आला की त्याला फोन खिशात टाकावा लागतो. त्याच्या हातून सोय काढून घेणं हा अन्याय आहे. एक तांत्रिक उपाय जरूर करा: नशिबाचे आकडे त्या त्या दिवसाच्या सुरुवातीलाच ठरवून सेव्हमध्ये ठेवा. २०१२ सालच्या एक्सकॉममध्ये असंच होतं, परत येऊन तीच खेळी केली तर निकाल तोच. म्हणजे परत यायचं असेल तर वेगळं काही करायला यावं लागतं, आणि त्याला माझी काहीच हरकत नाही. अंडरटेल या संगणकखेळानं, २०१५ साली, मागचं पुसून पुन्हा आलेल्या खेळाडूला पात्रांच्या तोंडून ते बोलून दाखवलं. ते अंगावर काटा आणणारं आहे, पण तो सगळा खेळच त्या कल्पनेवर उभा आहे. तुमच्या गावात ते उसनं दिसेल.

मला यातलं सर्वांत शिकवणारं उदाहरण डिस्को एलिझियम या कथाप्रधान संगणकखेळाचं वाटतं, २०१९ चं. तिथं दोन प्रकारच्या कसोट्या आहेत. पांढरी चुकली तर बंद होते आणि ते कौशल्य वाढवलं, किंवा जगात संबंधित काही बदललं, की पुन्हा उघडते. लाल एकदाच. पण खरी करामत पुढं आहे. चुकलेल्या कसोट्यांचं लेखन इतकं जीव ओतून केलेलं आहे की कित्येकदा यशापेक्षा फजितीच वाचावीशी वाटते. लोक मागे जात नाहीत, कारण पुढं काहीतरी आहे.

तुमच्या मसुद्यात बांध फुटल्यावर काय आहे? मी वाचलं. चार ओळी आणि उणे वीस. बांध राहिला तर मात्र तीन पानांचा प्रसंग, गावजेवण, घुमटवादन, सगळं. मग माणूस मागे का जाणार नाही? तुम्हीच त्याला सांगितलंय की खरी कथा पलीकडच्या बाजूला आहे.

बांध फुटणं हा खाजन गावातला सर्वांत मोठा प्रसंग. खारं पाणी कोरगुटाच्या, म्हणजे खाजनातल्या भाताच्या, शेतात शिरलं की जमिनीतलं मीठ धुऊन निघायला पावसाळे जावे लागतात. त्या रात्री भांडण असलेली दोन घरं एका रांगेत उभी राहतात की नाही, कोण पेंढा देतं, कोण दार लावून घेतं, नायकाच्या वडिलांनी याआधी कधी असं सावरलं होतं का, हे सगळं तिथंच उलगडू शकतं. हा प्रसंग तुम्ही यशाच्या प्रसंगापेक्षा चांगला लिहिलात तर मागचा सेव्ह उघडणारे आपोआप कमी होतील. माझ्या एका जुन्या खेळात पिकाचं नुकसान झाल्यावरच एक म्हातारं पात्र बोलायला लागायचं. काही आठवड्यांत खेळाडू एकमेकांना सांगू लागले, ‘जाऊ दे ते पीक, म्हातारा काय बोलतो ऐक.’

एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण पळवाटा शोधायला लागलं की डिझायनरला सगळीकडे पळवाटाच दिसतात. एका खेळात आमचा एक चाचणीकर्ता रोज सकाळी पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, वाट बघायला रस्त्यावर जायचा. सायकलचा भोंगा वाजायचा, तो पाव घ्यायचा, दोन वाक्यं व्हायची. लाभ काहीच नाही. गटातल्या एकानं सुचवलं की खेळ लांबतोय, हे तीन दिवसांनी बंद करू. मी विरोध केला आणि पोदेराला आणखी अकरा वाक्यं लिहिली. ते पुन्हा पुन्हा जाणं प्रेमाचं होतं, त्याला त्या गावात सकाळ हवी होती. अशी पुनरावृत्ती दिसली तर तिला खायला घाला.

दोन्हींतला फरक ओळखायची माझी खूण अगदी साधी आहे: अंगठा बघा. चाळीस शब्दांचा पडदा सेकंदाच्या आत पुढं ढकलला जात असेल, तर तो माणूस वाचत नाहीये, आणि तिथं बीळ आहे. अंगठा पडद्यापासून दूर राहून डोळे फिरत असतील, तर तो विसाव्यांदा का असेना, खेळतोय. प्रत्येक टिचकीची वेळ नोंदवून ठेवा. दोन दिवसांच्या कामात ते जमेल आणि तुम्हाला मुलाखतींपेक्षा जास्त कळेल.

या आठवड्यात पडद्यावरचे दोन्ही आकडे काढा आणि त्याच मुलांना पुन्हा बसवा. मागं उभं राहा, बोलू नका. तीच गोष्ट त्यांनी दुसऱ्यांदा केली की फक्त एवढंच विचारा, ‘आता काय होईल असं वाटलं?’ उत्तर लिहून घ्या. त्यातली निम्मी उत्तरं तुमच्यापेक्षा चांगली असतील, ती खेळात घ्या. भरतीचं कोष्टक नंतर बसवा, त्याला वेळ लागेल.

त्याच्याही आधी बांध फुटतो ती रात्र लिहा आणि मला पाठवा. चिखल कोण आणतं, कंदील कोण धरतं, आणि गुडघा ठणकत असताना काकी बांधावर कशी पोचते, ते मला वाचायचंय.